ओटा परसात नको, फाटकाशी हवा

पाथर्डी फाट्याजवळ राहणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, त्यातला मुद्द्याचा भाग देते.

"जुन्या नाशकातला आमचा वाडा दोन वर्षांपूर्वी उतरवला आणि आम्ही इथे रो-हाऊसमध्ये राहायला आलो. घराचं तोंड पूर्वेला. मागे बारा बाय पंधरा फुटांची मोकळी जागा आहे, पुढे गेटपर्यंत पाच फुटांची पट्टी. वाड्यातून आणलेलं सामान मागे ताडपत्रीखाली पडून आहे. नऊ-नऊ फुटांच्या दोन सागवानी तुळया, एक दारांची जोडी, झोपाळ्याची फळी आणि त्याच्या पितळी कड्या, एक बाज, जातं, पाटा आणि दीड बाय दीडच्या पस्तीस शहाबादी फरश्या. यातूनच मागे बसायला एक छान जागा करावी असं मनात आहे. हातात पंधरा हजार आहेत. मुलगा म्हणतो, हे भंगार विका, आपण तयार सेट आणू. मुलीने टायरच्या खुर्च्यांचे आणि पॅलेटच्या सोफ्याचे फोटो पाठवलेत. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत. इथे आल्यापासून खोलीतच असतात आणि मधूनच 'मला ओट्यावर ने' म्हणतात. हे सगळं त्यांच्यासाठीच करायचंय. नातू चार वर्षांचा आहे. शेजाऱ्यांना हा पसारा वाटेल याची मात्र धास्ती वाटते. आणि एक, झोपाळ्याच्या कड्या तांबट लेनमध्ये मोडीत घालू का?"

प्रिय ताई,

मागे बैठक जरूर करा, पण सासूबाईंची जागा मागे करू नका.

त्या ओटा मागताहेत. जुन्या नाशकातल्या गल्लीत ओट्यावर बसलेल्या बाईला भाजीवाला हाक मारून पुढे जातो, शाळा सुटलेली पोरं दिसतात, कोणाच्या दारात रिक्षा थांबली ते कळतं, आणि येताजाता कुणीतरी दोन मिनिटं टेकतं. साठ वर्षं त्यांनी हेच पाहिलं असणार. रो-हाऊसच्या मागच्या अंगणातून दिसतात त्या भिंती. तिथे तुम्ही कितीही मऊ गादी घातलीत आणि कितीही कुंड्या लावल्यात, तरी खोलीतल्या भिंतीऐवजी बाहेरची भिंत, एवढाच काय तो फरक पडेल. त्या दोन दिवस तुमचं मन राखायला बसतील आणि तिसऱ्या दिवशी 'ऊन लागतं गं' म्हणून आत जातील.

उन्हाचं म्हणाल तर तेही खरंच लागेल. तुमचं घर पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे मागची बाजू पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये ती बाजू दिवस मावळेपर्यंत तापते आणि भिंती त्यानंतरही तास-दोन तास उष्णता सोडत राहतात. पुढच्या पट्टीवर मात्र दुपार कलली की घराचीच सावली पडते. नाशिकची थंडी तर तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर-जानेवारीत सकाळी आठ-नऊचं कोवळं ऊनही पुढच्याच बाजूला मिळणार. थोडक्यात, त्या पाच फुटांच्या पट्टीत सासूबाईंचा ओटा आणि मागे सगळ्यांची रात्रीच्या जेवणानंतरची बैठक, अशी दोन कामं धरा.

कुठलीही वस्तू हलवण्याआधी उद्या संध्याकाळी पाच वाजता जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची गेटजवळ न्या आणि त्यांना तिथे बसवा. काही विचारू नका. त्या खुर्ची कुठे सरकवायला सांगतात, मान कुठे वळवतात, ते बघा. असं तीन-चार दिवस करा आणि जिथे खुर्ची स्थिर होईल तिथे खडूने खूण करा. रो-हाऊसची कंपाउंडची भिंत बहुतेक पाच फुटांची असते आणि बसलेल्या माणसाची नजर पावणेचार फुटांच्या आत. म्हणून भिंतीच्या आड नव्हे, गेटच्या गजांसमोरच जागा हवी. गेटला आतून पत्रा मारलेला असेल तर तेवढ्या भागाचा पत्रा कापून जाळी बसवून घ्या. एवढं एक काम झालं, तरी तुमचं पत्र लिहिणं कारणी लागलं असं मी म्हणेन.

तिथल्या बैठकीसाठी झोपाळ्याची फळी वापरा. ती त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे आणि जाड सागाची असल्यामुळे मधोमध वाकणार नाही. ती आता टांगू नका. झुलत्या वजनाला स्लॅबमधून किंवा बीममधून नीट घेतलेला हूक लागतो. मांडवाला किंवा कमानीला झोपाळा टांगणं हा सरळ धोका आहे, आणि ८१ व्या वर्षी झुलत्या फळीवरून उठणंही सोपं नाही. फॅब्रिकेटरकडून जुन्या अँगलचे दोन पायटे करून घ्या आणि त्यावर फळी बोल्टने बसवा. उंची त्यांच्या नेहमीच्या खुर्चीची मोजा. साधारण सतरा-अठरा इंच निघेल, पण मोजाच, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला दोन इंचांचा फरक फार मोठा असतो. दोन्ही बाजूंना हात हवेतच. उठताना जोर कशावर द्यायचा, हा प्रश्न म्हाताऱ्या माणसाच्या मनात बसण्याच्याही आधी येतो. उरलेल्या फळीवर आणखी एक माणूस बसू शकेल एवढी जागा राहू द्या. शेजारची बाई टेकायची असेल तर तिला जागा नको का?

हे सगळं सुटं ठेवा, विटा-सिमेंटचा ओटा बांधायला जाऊ नका. घराभोवतीची ती पट्टी म्हणजे सामासिक अंतर, नियमाने मोकळी सोडायची जागा. तिथे पक्कं बांधकाम केलं की पुढे कटकटी होतात. सुटा बाक कुणाच्या डोळ्यांवर येत नाही, आणि दिवाळीत रांगोळीला जागा हवी असली की उचलून बाजूलाही ठेवता येतो.

आता ताडपत्री काढायची. जपून काढा. दोन वर्षं जमिनीला टेकून पडलेल्या लाकडात आणि फरश्यांत विंचू, गोम, कधी सापही घर करतो. पायात बूट, हातात जाड मोजे, नातू घरात, आणि प्रत्येक वस्तू आधी काठीने हलवून मगच हात लावायचा. तुळया बाहेर आल्या की त्यांच्या अंगावर मातीच्या बारीक नळ्या चढल्यात का पाहा. ती वाळवीची वाट. हातोडीच्या दांड्याने टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. चांगला साग टणटणीत वाजतो आणि आतून खाल्लेल्या जागी आवाज बद्द होतो. तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर तेवढा तुकडा कापून टाकावा लागेल. जुन्या सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही. बाहेरचा फिकट भाग मात्र खाते. त्यामुळे वरून भयंकर दिसणारी तुळई आतून ठणठणीत निघणं अगदी शक्य आहे.

दारांच्या जोडीबद्दल जरा कडक बोलते. त्यावर वर्षानुवर्षांचे ऑइलपेंटचे थर असतील. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण ९० पीपीएमवर, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांवर, आणणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल याचा भरवसा नाही. हा रंग कोरडा घासला की त्याची धूळ अंगणभर पसरते, आणि तुमच्या घरात चार वर्षांचं पोर आहे जे सगळं तोंडात घालतं. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो आणि तो भरून येत नाही. म्हणून ही दारं घरी घासू नका. रंग उडत नसेल तर वरून नवा रंग देऊन बंद करा आणि मागच्या भिंतीला उभी लावा. उडत असेल तर ती विका आणि आलेले पैसे फरशीच्या कामाला लावा. दाराचं टेबल करायचा मोह तर नकोच, खाण्याची जागा आहे ती.

विकण्याचा विषय निघालाच आहे तर शेजाऱ्यांची धास्तीही इथेच मिटवू. जुनं आणि मोडकं यांत फरक आहे, आणि तो लोकांना लांबूनही कळतो. कोपऱ्यात रचून ठेवलेलं जातं म्हणजे अडगळ. तेच जातं धुऊन तुळशीजवळ नीट बसवलं तर ते तुमच्या घरचं जातं. प्रत्येक वस्तूला काम द्या. ज्या वस्तूला काम सापडत नाही तिला निरोप द्या, मग ती कितीही आठवणीची असो. तुमच्या यादीतून मी तुळया, फळी, बाज, फरश्या, जातं, पाटा आणि रंग धड असेल तर दारं ठेवेन. कड्यांचं शेवटी सांगते. एवढ्याशा जागेत याहून जास्त वस्तू शोभत नाहीत.

मागच्या बैठकीत सगळ्यात जास्त लक्ष फरशीच्या कामावर द्या, कारण तिथे घाई केली की पहिल्याच पावसाळ्यात सगळं उखडतं. पस्तीस फरश्या म्हणजे जवळजवळ ऐंशी चौरस फूट, म्हणजे आठ बाय दहाचा चौक. तेवढाच करा. उरलेल्या शंभर चौरस फुटांत माती राहू द्या. ती पाणी पिते, संध्याकाळी शिंपली की गारवा देते, आणि वेल तिथेच लागणार आहेत. चौकापुरती सहा इंच माती काढा. त्यात चार इंच मुरूम घाला, पाव ब्रासहून थोडा जास्तच लागेल. मुरूम पाणी मारून धुमसाने चांगला बसवा. दोन दिवस जाऊ द्या, पुन्हा पाणी मारा, पुन्हा धुमस. गवंडी म्हणेल, एवढं कशाला, सिमेंटचा कोबा टाकून देतो. त्याचं ऐकू नका. कोब्यावर सिमेंटने बसवलेली फरशी एकदा फुटली की ती काढता येत नाही आणि पाणीही मुरत नाही. मुरमावर दीड इंच कच, म्हणजे दगडाची बारीक चुरी, पसरा आणि त्यावर फरश्या नुसत्या ठोकून बसवा, दोन फरश्यांमध्ये बोटभर फट ठेवून. फटीत कच झाडूने भरायची. एखादी फरशी खचली तर पहारीने उचलून खाली मूठभर कच सारायची, पाच मिनिटांचं काम.

उतार विसरू नका. घराकडून बाहेरच्या बाजूला दहा फुटांत दोन इंच. पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल बघता येते, त्यासाठी इंजिनिअर लागत नाही. फरशीची खडबडीत बाजू वर करा. गुळगुळीत बाजूवर पावसाळ्यात शेवाळ धरलं की चार वर्षांचाही घसरतो आणि ८१ वर्षांच्याही घसरतात. आणि शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे. लिंबू, चिंच, बाथरूम धुवायचं ॲसिड, यांनी तो खाल्ला जातो आणि पांढरे डाग पडतात ते जात नाहीत. साधं पाणी आणि खराटा, बास.

चौकाच्या कडेला तुळयांचा बाक करा, तोही एकही काप न मारता. तीन सपाट दगड ठेवा, त्यावर दोन्ही तुळया शेजारी-शेजारी. दगडाची उंची आणि तुळईची जाडी मिळून सोळा इंच झाली की बसायला पुरे. सहा बाय आठ इंचांची नऊ फुटी तुळई पन्नास किलोच्या घरात जाते, तेव्हा ती उचलायला चार माणसं लावा, आणि दगडावर हलत नाही ना हे उड्या मारून तपासा. लाकूड जमिनीला टेकवायचं नाही हे लक्षात ठेवा. वाड्यात प्रत्येक खांबाखाली दगडी तळखडा असतो तो याचसाठी. सराफ बाजारातल्या सरकारवाड्याच्या बाजूला जाणं झालं तर मुलाला घेऊन जा. जुनी माणसं लाकूड आणि दगड एकमेकांजवळ कसे आणत ते त्याला प्रत्यक्ष दिसेल.

बाजेला काथ्याचा सुंभ घालून घ्या. नायलॉनची नवार बसायला मऊ, पण उन्हात दोन वर्षांत कडक होऊन तुटते. काथ्या अंगाला टोचतो हे खरं, त्यावर गोधडी टाकायची. विणणारे हल्ली कमी उरलेत. पेठ-दिंडोरीकडच्या खेड्यात नातेवाईक असतील तर विचारा, अजून सापडतात. बाजेची सगळी वीण चौकटीभर जात नाही. पायथ्याशी वीतभर जागा सोडून तिथे ताणाची वेगळी दोरी घालतात. वीण ढिली पडली, झोळ आला, की फक्त तीच दोरी ओढायची आणि सगळी बाज पुन्हा ताठ. नातवाला हे ओढायचं काम फार आवडेल. बाज बुटकी असते, त्यामुळे ती तरुणांची आणि पोरांची. सासूबाईंना तिच्यावर बसवलंत तर उठवायला दोघं लागतील.

पश्चिमेचं ऊन अडवायला मांडव लागेलच. खांबांसाठी द्राक्षबागेतले जुने अँगल शोधा. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी भागात जुनी बाग तोडली की अँगल आणि तारा किलोवर विकल्या जातात. ओळखीतल्या शेतकऱ्याकडून थेट मिळाले तर उत्तम. चार अँगल दीड फूट खोल, काँक्रीटमध्ये, वर सात फूट. त्यावर बांबूच्या आडव्या-उभ्या कांबी. वरून पत्रा किंवा प्लास्टिक टाकू नका. वळवाचा वारा सुटला की ते शिडासारखं फुगतं आणि खांबासकट ओढतं. जाळीतून आणि वेलातून वारा निघून जातो.

बांबूचं मी अनुभवावरून सांगते. काही वर्षांपूर्वी ऐन श्रावणात मी रस्त्याकडेचे हिरवेगार बांबू घेतले. ताजे आहेत म्हणून खूश होते. दसऱ्याच्या सुमाराला खाली टाकलेल्या गोधडीवर सातूच्या पिठासारखी पिवळसर भुकटी दिसायला लागली. झटकली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढीच. रात्री सगळं शांत झाल्यावर बांबूला कान लावला तर आत कुरतडल्याचा बारीक आवाज येत होता. भुंगा लागला होता. मार्गशीर्षात मांडवाची एक कांब नुसत्या हाताच्या दाबाने मोडली, आत टाकसुईने भोकं पाडावीत तशी चाळण. बांबूत पिष्ट असतं, त्यावर हा भुंगा जगतो, आणि पावसाळ्यात तोडलेला ओला बांबू लवकर खराब होतो. म्हणून बांबू थंडीत तोडलेलाच घ्यायचा, आणि तीन वर्षांच्या वरचा. कोवळा बांबू चकचकीत हिरवा असतो, पेरांजवळ पांढरी पावडर असते. जून बांबू निस्तेज, पिवळटकडे झुकलेला, अंगावर दगडफुलासारखे ठिपके, आणि बोटाने टिचकी मारली तर खणखणतो. पेठ-सुरगाणा-हरसूल पट्ट्यातली मानवेल भरीव असते, कांबींसाठी तीच घ्या.

घेतल्यावर टाकणखार आणि बोरिक पावडरच्या पाण्यात भिजवा. शंभर लिटर पाण्याला तीन किलो टाकणखार आणि दोन किलो बोरिक. पोकळ बांबू असेल तर लांब सळईने आतली पेरं फोडून घ्या म्हणजे पाणी आत शिरेल. आठ-दहा दिवस बुडवून ठेवायचं, मग सावलीत वाळवायचं. ते पाणी नातवाच्या हाती लागू देऊ नका आणि झाडांना तर मुळीच घालू नका, झाडं जळतात. पावसात हे औषध हळूहळू धुपतं, म्हणून वरून तेलाचा हात हवाच. सांधे खिळ्यांनी ठोकू नका, बांबू उभा चिरतो. काथ्याची दोरी भिजवून आवळून बांधा. वाळताना ती आणखी आवळते. एवढं करूनही चार-पाच वर्षांनी काही कांबी बदलाव्या लागतील, ते धरूनच चाला.

वेल कोणता, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण नाशिकची माणसं विचारण्याआधीच द्राक्ष म्हणतात. नका लावू. द्राक्षाला एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, आणि मधल्या काळात डावणी-भुरी या रोगांसाठी फवारण्या. जिथे माणसं बसतात, पोरं खेळतात, तिथे ही फवारणी नको, आणि न फवारलेला वेल पावसाळ्यात काळा पडतो. त्याऐवजी पश्चिमेच्या दोन खांबांवर मधुमालती सोडा. ती दणकट आहे, दोन वर्षांत मांडव भरते, आणि संध्याकाळी उमलते तेव्हाच तुम्ही तिथे बसणार. जोडीला जूनमध्ये घेवडा किंवा दोडका लावा, पहिल्या वर्षी तोच सावली धरेल. उरलेल्या उघड्या बाजूला बुरुडाकडून तट्ट्या विणून घ्या. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात सुपं-टोपल्या विकणारे भेटले तर त्यांनाच विचारा.

मुलीच्या फोटोंविषयी. टायर नकोत, ठाम नको. टायरच्या आत साचलेलं पाणी कितीही उलटं केलं तरी पुरतं निघत नाही, आणि डेंगीचा डास अशाच स्वच्छ, थोड्याशा पाण्यात आठ-दहा दिवसांत अंड्यापासून उडण्याइतका मोठा होतो. कुंडीखालच्या बशा, पाट्याचा खोलगट भाग, सगळं आठवड्यातून एकदा कोरडं करायला हवं. पाट्यात पक्ष्यांसाठी पाणी ठेवणार असाल तर ते रोज बदला. पॅलेटचं तसं नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निघालेले पॅलेट चांगले असतात, फक्त शिक्का बघून घ्या. 'एचटी' लिहिलेलं असेल तर लाकूड उष्णता देऊन किडीपासून मोकळं केलेलं आहे. 'एमबी' असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते घरी आणू नका. शिक्काच नसेल आणि तेलाचे, केमिकलचे डाग किंवा वास असेल तर फुकट मिळालं तरी नको. पण तुमच्याकडे साग असताना पाइनच्या फळ्यांचा सोफा करण्यात मला अर्थ दिसत नाही. हवं तर एक पॅलेट कुंड्यांच्या मांडणीला घ्या, मुलीचाही मान राहील.

मुलाचं मात्र अगदीच चुकतंय असं नाही. तयार सेट एकदा आणला की बघावा लागत नाही, हे त्याच्या मनात आहे, आणि लाकडाला दर वर्षी हात लावावा लागतो हे खरंच आहे. ते काम त्याच्यावरच सोपवा. दर वर्षी पावसाळ्याआधी, मे महिन्यात, लाकूड घासून जवसाच्या उकळलेल्या तेलाचे दोन पातळ हात. एक रविवार जातो. तेल लावलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकायची नाहीत. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. ती दोरीवर एकेरी पसरून वाळवा आणि मगच टाका. गॅरेजमधलं जळकं ऑइल लावायचा सल्ला कुणीतरी देईलच. वाळवीवर ते चालतही असेल, पण ते विषारी असतं, कपड्यांना लागतं, मातीत उतरतं. बसायच्या लाकडाला नको.

गाद्यांसाठी नवा कापूस घेऊ नका. घरात एखादी दडपलेली जुनी गादी असेलच, ती पिंजाऱ्याकडून पिंजून दोन लोड आणि चार तक्के भरून घ्या. खोळी जुन्या सुती साड्यांच्या. पाऊस येईल तेव्हा पटकन उचलता यावं म्हणून मागच्या दाराशीच एक पेटी ठेवा. दार लांब असलं की कोणी उठत नाही आणि गादी भिजते. डासांसाठी कडुनिंबाचा धूर करतात, पण ८१ वर्षांच्या छातीला तो सोसणार नाही. साधा टेबलफॅन पायांच्या दिशेने लावा, डासाला वाऱ्यात नीट उडता येत नाही. डेंगीचा डास सकाळी आणि दिवस मावळायच्या आधी जास्त चावतो, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई पुढे बसणार, म्हणून त्यांच्या पायांवर पातळ गोधडी असू द्या. बाहेरच्या दिव्याची वायर वायरमनकडूनच टाका आणि त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा, गळती झाली की वीज लगेच तोडणारा ट्रिपर बसवायला सांगा. मोठा पांढरा झोतही नको. पिवळसर, डोळ्यांच्या खाली लागेल असा एकच दिवा पुरतो.

पंधरा हजारांत हे बसायला हरकत नाही, कारण महाग असतं ते लाकूड आणि फरशी, आणि ते दोन्ही तुमच्या घरचं आहे. पैसा जाईल तो गवंडी आणि फॅब्रिकेटरच्या मजुरीत. कमी पडले तर मागचा मांडव पुढच्या वर्षावर ढकला. पुढचा बाक ढकलू नका. तो आधी.

राहता राहिल्या कड्या. मोडीत घालू नका. तांबट लेनमध्ये त्यांचं वजन होईल आणि वजनाचे पैसे येतील, तेवढंच. त्यांच्यातली एक-एक हातभर लांबीची साखळी सोडवा, चिंच आणि राखेने घासा, आणि मागच्या मांडवाला कंदील आणि एक-दोन हलक्या टोपल्या त्यांनी टांगा. उरलेली एक साखळी पुढे, बाकाशेजारी भिंतीतल्या खिळ्याला अडकवा, सासूबाईंच्या उजव्या हाताला येईल अशी. झोपाळ्यावर बसलेल्या बाईचा एक हात नेहमी कडीवर असतो. गप्पा मारताना त्यांचा हात आपसूक तिकडे जाईल.